माहेरचं पाणी दातात, सासरचं पाणी गुडघ्यात: नलगोंड्याच्या फ्लोराईडचं प्रकरण

पाणी तपासायच्या कामात असलेल्या माणसाला नलगोंडा म्हटलं की आधी जिल्हा आठवतच नाही, पद्धत आठवते. तुरटी, चुना आणि ब्लिचिंग पावडर वापरून पाण्यातलं फ्लोराईड खाली बसवायची जी पद्धत आपल्या नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने १९७० च्या दशकात बसवली तिचं नावच नलगोंडा तंत्र, आणि ती पार टांझानिया, केनियापर्यंत गेली. मीही हे नाव आधी पुस्तकातच वाचलं, डोसचं कोष्टक पाठ केलं, परीक्षेत लिहिलं. नंतर कधीतरी त्या जिल्ह्याचीच माहिती काढायला बसले तेव्हा कळलं की तंत्राला नाव मिळून चाळीस वर्षं उलटली तरी त्या जिल्ह्यातल्या कित्येक गावांत लोक तेच पाणी पीत होते आणि वाकत होते. हे कसं झालं तेवढंच मला इथं नीट लिहायचंय, कारण आपल्याकडे अजूनही कुठल्याही गावात फ्लोराईड सापडलं की पहिला प्रश्न असतो "कुठलं मशीन बसवायचं", आणि माझ्या मते खरा प्रश्न तो नाहीच.

आधी जागा समजून घेऊ. नलगोंडा आज तेलंगणात, हैदराबादच्या आग्नेयेला. जिल्ह्याचा पश्चिमेकडचा भाग, म्हणजे मुनुगोडे, मर्रिगुडा, नामपल्ली, देवरकोंडा हा पट्टा उंचावरचा, कोरडा, पाऊस कमी आणि तोही बेभरवशाचा. खाली सगळा ग्रॅनाईट. आपल्या सह्याद्रीकडचा काळा पाषाण वेगळा, हा वेगळा. या ग्रॅनाईटमध्ये फ्लोराईड असलेली खनिजं असतात, फ्लोराईट, अपेटाईट, अभ्रकाचे प्रकार वगैरे, आणि दगडाच्या भेगांत पाणी वर्षानुवर्षं मुरून राहिलं की ते हळूहळू त्यात उतरतं. पण दगडात फ्लोराईड आहे म्हणून पाण्यात येईलच असं नसतं बरं का, ही गोष्ट फार लोकांना माहीत नसते. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर ते फ्लोराईडला धरून ठेवतं, जास्त विरघळू देत नाही. नलगोंड्यासारख्या कोरड्या भागात मात्र पाणी खारट-सोड्याकडे झुकतं, त्यात सोडियम आणि बायकार्बोनेट जास्त, कॅल्शियम कमी, आणि असं पाणी फ्लोराईडला मोकळं रान देतं. म्हणून एकाच गावात एका बोअरला लिटरमागे १ मिलिग्रॅम आणि दोनशे पावलांवरच्या दुसऱ्या बोअरला ५ असं होऊ शकतं. जिल्ह्यात काही ठिकाणी लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर आकडे नोंदले गेलेत. आपलं भारतीय मानक म्हणतं १ पर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्या, जागतिक आरोग्य संघटनेचा आकडाही १.५ च आहे.

फ्लोराईडला रंग नाही, वास नाही, चव नाही, गाळ नाही. उलट ज्या बोअरचं पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं तेच जास्त वाईट असू शकतं. पूर्वी लोक तलावाचं, उथळ विहिरीचं पाणी प्यायचे, त्यात नारू असायचा, कॉलरा व्हायचा, पण फ्लोराईड बहुतेक वेळा कमी, कारण ते पावसाचं ताजं पाणी, दगडात फार काळ राहिलेलं नसतं. मग दुष्काळ आले, बोअरची मशिनं आली, गावोगाव हातपंप बसले. तो जो इंडिया मार्क टू हातपंप देशभर दिसतो त्याचं मूळ आपल्याच सोलापूर पंपात आहे, आणि त्या पंपाने किती लेकरं जुलाबाच्या मरणातून वाचवली याला हिशोब नाही, मी त्या पंपाला एक शब्दही वाईट बोलणार नाही. पण ग्रॅनाईटच्या मुलखात त्याच पंपाने खोल दगडातलं जुनं पाणी वर काढून घरात आणलं आणि त्या पाण्यात काय विरघळलंय हे बघायची सवय तेव्हा नव्हती. जंतू बघायचे, गढूळपणा बघायचा, झालं.

आता असं म्हणावं की कुणाला माहीतच नव्हतं, तर तसंही नाही. १९३० च्या दशकात तेव्हाच्या मद्रास इलाख्यात, आज ज्याला प्रकाशम जिल्हा म्हणतात त्या भागात, आधी गुरांमध्ये हा आजार, म्हणजे फ्लोराईडने दात आणि हाडं बिघडवणारा फ्लोरोसिस, ओळखला गेला, आणि १९३७ मध्ये शॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांमधल्या आजाराची पद्धतशीर नोंद छापली. नलगोंडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, आपला मराठवाडाही त्याच संस्थानात, आणि तिथली नोंद १९४० च्या दशकात झाली. १९५५ मध्ये तर सिद्दीकी या डॉक्टरांचा नलगोंड्याच्या रुग्णांवरचा लेख ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला, पाठीचा कणा कडक होऊन मज्जारज्जू दाबला गेलेली माणसं, पायातली ताकद गेलेली माणसं, सगळं त्यात आहे. म्हणजे देश स्वतंत्र होऊन आठ वर्षांत जगाला कळलं होतं की या जिल्ह्यातलं पाणी माणसाचा कणा गोठवतं.

शरीरात नेमकं काय होतं ते जरा सविस्तर लिहिते, कारण गावात गेलं की गैरसमज इथंच असतात. पाण्यातून पोटात गेलेलं फ्लोराईड झटकन रक्तात जातं. मोठ्या माणसाची किडनी त्यातलं साधारण निम्मं लघवीवाटे बाहेर टाकते, उरलेलं हाडात जाऊन बसतं, लहान मुलाचं शरीर तर त्याहून बरंच जास्त अडकवून ठेवतं कारण त्याची हाडं वाढत असतात. शरीरातलं जवळजवळ सगळं, ९९ टक्के म्हणतात, फ्लोराईड हाडात आणि दातातच असतं.

दाताचं असं आहे की पक्क्या दातांचं वरचं कवच हिरडीच्या आत तयार होत असतं, जन्मापासून साधारण आठ वर्षांपर्यंत. त्या काळात मूल जे पाणी पितं त्याची नोंद त्या कवचात होते आणि दात बाहेर आला की ती आयुष्यभर दिसते. आधी खडूसारखे पांढरे, निस्तेज ठिपके, मग पिवळे, मग तपकिरी आडवे पट्टे, फार झालं तर कवचाला खड्डे. ओळखायची खूण सोपी आहे, डाव्या बाजूच्या दातावर जो पट्टा तोच उजव्या बाजूच्या जोडीदार दातावर, साधारण त्याच उंचीवर, आडवा. तंबाखूचा डाग हिरडीच्या कडेला आणि दातांच्या फटीत असतो, घासून थोडा तरी निघतो. हा निघत नाही, कारण तो दाताच्या वर नाही, आतच आहे. वर्गात अशी पोरं हसताना तोंडावर हात धरतात, आणि शिक्षक म्हणतात दात घासत जा रे. पोरगं घासून घासून हिरडीतून रक्त काढतं पण पट्टा तिथंच. हे ऐकलं की मला अजूनही पोटात तुटतं.

हाडांचं मात्र वयाशी बांधलेलं नाही. वयाच्या विसाव्या वर्षी कुणी या गावात राहायला आलं तर त्याच्या दातांना काही होणार नाही, ते आधीच तयार झालेत, पण हाडात साठायला तेव्हापासून सुरुवात होते. म्हणून बाहेरगावाहून लग्न होऊन आलेली सून असते ना, तिचे दात पांढरे स्वच्छ, नवऱ्याचे पट्ट्याचे, आणि दहा-पंधरा वर्षांनी बघावं तर गुडघे दोघांचेही सारखेच आखडलेले. माहेरचं पाणी तिच्या दातात आणि सासरचं पाणी तिच्या गुडघ्यात. डॉक्टरांसमोर अशी बाई बसली आणि त्यांनी फक्त दात बघून फ्लोराईडची शंका सोडून दिली तर फसगत होते. त्यात बाळंतपणं, अंगावर पाजणं, दुधाचा थेंब स्वतःसाठी न ठेवणं, यात शरीरातलं कॅल्शियम आधीच कमी, आणि कॅल्शियम कमी असलेल्या शरीराला फ्लोराईड जास्त झोडपतं. अशा गावांना कुणी मुली द्यायला तयार नसायचं हे नलगोंड्याबद्दल वर्षानुवर्षं लिहिलं गेलंय, आणि ज्या दिल्या गेल्या त्यांचं असं झालं.

सुरुवातीला काय होतं, सकाळी उठल्यावर मान आणि कंबर आखडलेली, सांधे ठणकतात, पोटात जळजळ, थकवा. यात वेगळं असं काहीच वाटत नाही, कष्ट करणाऱ्या प्रत्येकाला हे होतंच असं लोक धरून चालतात, आणि गावातला डॉक्टर संधिवात म्हणून दुखण्याच्या गोळ्या देतो. त्या गोळ्या वर्षानुवर्षं खाल्ल्या की किडनीवर ताण, आणि किडनी कमजोर झाली की फ्लोराईड बाहेर टाकायचा मुख्य रस्ताच अरुंद होतो, म्हणजे औषधानेच आजाराला वाट करून दिली असं होतं. पुढे हाड घट्ट होतं पण ठिसूळ होतं, मणक्यांमधले बंध चुन्यासारखे कडक होतात, पाठ काठीसारखी ताठ. अशा माणसाला मागून हाक मारली तर तो नुसती मान वळवून बघत नाही, पावलं हलवत सगळा वळतो. एक्स-रे काढायचा तर नुसता गुडघ्याचा काढून उपयोग नाही, कोपरापासून मनगटापर्यंतचा हात घ्यायचा. तिथल्या दोन हाडांच्या मध्ये जो पातळ पडदा असतो त्यात चुना साठून हाडाच्या कडेला बाभळीच्या काट्यांसारखी टोकं आलेली दिसतात, साध्या संधिवातात हे दिसत नाही.

मशीन नसेल तिथं तीन साध्या गोष्टी करून बघतात. गुडघे न वाकवता खाली वाकून जमिनीला बोटं टेकवा, हनुवटी छातीला लावा, दोन्ही हात बाजूला पसरून कोपरात दुमडा आणि डोक्याच्या मागे न्या. चाळिशीच्या आतला कष्टकरी माणूस या तिन्हीत अडकला तर त्याच्या घरचं पाणी तपासलंच पाहिजे. हा पक्का पुरावा नाही, पण इशारा आहे.

आणि किती प्यायलं तर धोका, याचा हिशोब लिटरच्या आकड्यावर थांबवायचा नसतो. १.५ ची मर्यादा ठरवताना दिवसाला साधारण दोन लिटर पाणी धरलेलं आहे. नलगोंड्याच्या एप्रिल-मे महिन्यात उन्हात काम करणारा मजूर पाच लिटर सहज पितो. पाण्यात ४ मिलिग्रॅम असेल तर पाच लिटरचे झाले २० मिलिग्रॅम, त्यात चहा वेगळा, त्याच पाण्यात शिजलेलं अन्न वेगळं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या आढाव्यात दिवसाला एकूण १४ मिलिग्रॅमच्या पुढे हाडांना स्पष्ट धोका आणि ६ च्या पुढेच धोक्याची चिन्हं असं म्हटलंय. म्हणजे ४ हा आकडा कागदावर लहान दिसतो पण त्या मजुराच्या अंगात तो १४ ची रेघ ओलांडून गेलेला असतो. मुलांच्या बुद्धीबद्दलही आता बोललं जातंय, अमेरिकेच्या नॅशनल टॉक्सिकॉलॉजी प्रोग्रामने २०२४ मध्ये सगळे अभ्यास बघून सांगितलं की १.५ च्या वरच्या पाण्याचा मुलांच्या कमी बुद्ध्यांकाशी संबंध आहे, आणि हे त्यांनी मध्यम खात्रीने म्हटलंय. त्यावरून घाबरवून सोडायचं नाही पण दुर्लक्षही करायचं नाही.

नलगोंड्यात यात अजून एक गोष्ट झाली. जिल्ह्याच्या सीमेवर कृष्णेवर नागार्जुनसागर धरण झालं, १९५५ च्या डिसेंबरात नेहरूंनी पाया घातला आणि १९६७ मध्ये इंदिरा गांधींनी पाणी सोडलं. त्यानंतर काही वर्षांत हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या कृष्णमाचारी आणि कृष्णस्वामी या संशोधकांना या भागातल्या तरुण पोरांमध्ये एक वेगळंच व्यंग दिसलं, गुडघे आत वळून एकमेकांवर घासायचे, पावलं लांब लांब पडायची. १९७३ मध्ये त्यांनी ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापलं. जुन्या रुग्णांची हाडं घट्ट व्हायची, या पोरांची उलट पोकळ झालेली. पुढे त्या संस्थेने मांडलं ते असं की धरणाच्या आणि कालव्याच्या पाझराने जमिनीतली पाणीपातळी वर आली, माती आणखी अल्कधर्मी झाली, तिथल्या ज्वारीत मॉलिब्डेनम हा धातू वाढला, त्यामुळे शरीरातलं तांबं कमी पडलं, आणि आधीच फ्लोराईड पिणाऱ्या वाढत्या हाडांना ते सोसलं नाही. मला यात सगळ्यात बोचतं ते हे की खालच्या अंगाला कालव्याने भात पिकला आणि वरच्या अंगाच्या गावांना, मुनुगोडे-देवरकोंडा पट्ट्याला, कालव्याची पातळी खाली म्हणून पाणी चढलंच नाही. आपल्या महाबळेश्वरात उगवलेली कृष्णा त्यांच्या शिवेवर अडवली गेली आणि प्यायला मात्र बोअरच.

याच काळात नीरीचं तंत्र आलं. ते काय आहे हे मी घरी बादलीत करून बघितलंय म्हणून सांगते. मोठी बादली घ्यायची, तिला तळापासून चार बोटं वर नळ बसवलेला. पाण्यात आधी थोडा चुना आणि चिमूटभर ब्लिचिंग, मग तुरटीचं पाणी. आधी मिनिटभर जोरात ढवळायचं आणि मग दहा मिनिटं अगदी हळू, बाळाला झोका द्यावा तसं. हळू हळू पाण्यात फुटलेल्या दुधासारखे पुंजके धरायला लागतात, ते फ्लोराईडला ओढून घेतात. मग तासभर हात लावायचा नाही. पुंजके तळाला बसतात, वरचं पाणी नळाने काढून घ्यायचं, खालचा गाळ टाकायचा. बघायला खरंच सुंदर आहे, आणि वीज लागत नाही, वस्तू कुठल्याही बाजारात मिळतात, म्हणून कुणालाही वाटेल की झालं काम.

पण आपण गढूळ पाण्यात तुरटीचा खडा दोनदा फिरवतो तसं हे नाही. फ्लोराईड किती आणि पाण्याची अल्कता किती यावर तुरटी ठरते आणि ती लिटरला शेकडो मिलिग्रॅम लागते. ५०० धरली तरी ४० लिटरला २० ग्रॅम, महिन्याला ६०० ग्रॅम, एका घराला. कमी टाकली तर फ्लोराईड राहतं, चुना चुकला तर अॅल्युमिनियम पाण्यात राहतं आणि चव तुरट होते, पोरं तोंड वाकडं करतात. उन्हाळ्यात बोअर खाली गेला की फ्लोराईड बदलतं म्हणजे डोस पुन्हा ठरवायचा, तो कोण ठरवणार. खूप जास्त फ्लोराईड असेल किंवा पाणी फारच खारट असेल तर पद्धत पुरीच पडत नाही. गाळात सगळं फ्लोराईड गोळा झालेलं, तो परसात टाकला की पावसाने परत जमिनीत. आणि हे सगळं रोज. सकाळी चारला उठून रानात जाणाऱ्या बाईने रोज दीड तास, वर्षाचे ३६५ दिवस, पुढची तीस वर्षं. गावपातळीवर टाक्या बांधल्या तिथं ऑपरेटरचा पगार, तुरटीचा पुरवठा, नादुरुस्त मोटर, या प्रश्नांनी ते बंद पडत गेलं. अॅक्टिव्हेटेड अॅल्युमिनाचे, म्हणजे फ्लोराईड धरून ठेवणाऱ्या दाण्यांचे, फिल्टर आले त्यांचंही तेच, ठराविक पाण्यानंतर आतला माल आम्ल-अल्कलीने धुवून परत ताजा करावा लागतो, तो केला नाही तर नळातून पाणी येत राहतं पण फ्लोराईड तसंच येतं, आणि लोकांना वाटतं आपण फिल्टरचं पितोय. हा प्रकार मी आमच्याकडच्या एका गावात स्वतः बघितला, यंत्रावर रंगीत पाटी, समोर रांग, आणि बाहेर येणाऱ्या पाण्याचा आकडा आत जाणाऱ्या पाण्याएवढाच. ज्या बाई माझ्या शेजारी उभ्या होत्या त्यांना ते सांगताना माझाच घसा दाटला होता, त्या म्हणाल्या, "ताई, मग तीन वर्षं आम्ही काय प्यायलो?"

तंत्र चुकीचं नव्हतं, ते रसायनशास्त्र आजही बरोबर आहे. पण ज्याचा आजार त्याच्याच डोक्यावर रोजच्या उपचाराची मोळी दिली, आणि ज्यांनी पाणी पुरवायचं ते अनुदान देऊन मोकळे झाले. म्हणून म्हटलं, कुठलं मशीन हा पहिला प्रश्न नाही, ते वीस वर्षं रोज कोण चालवणार आणि पैसे कोण देणार हा पहिला प्रश्न.

लोक गप्प बसले नव्हते. दुशर्ला सत्यनारायण यांनी बँकेतली नोकरी सोडून जल साधना समिती काढली, आणि १९९६ च्या लोकसभेला नलगोंडा मतदारसंघात तब्बल ४८० उमेदवार उभे राहिले, त्यातले बहुसंख्य या पाण्याच्या मागणीसाठी उभे राहिलेले साधे लोक. मतपत्रिका छापायची तर ती पुस्तिकाच झाली, मतदान पुढे ढकलावं लागलं. देशभर बातमी झाली. सरकारने यातून काय घेतलं तर त्याच वर्षी कायदा बदलून लोकसभेची अनामत ५०० रुपयांवरून १०,००० केली. अनामत वाढवायला काही महिने पुरले, पाणी यायला अजून वीस वर्षं गेली.

शेवटी जे झालं ते साधंच होतं. नदीचं पाणी आणलं. आधी नागार्जुनसागरातून उपसा करून काही गावांना मिळायला लागलं होतं, आणि तेलंगण वेगळं झाल्यावर मिशन भगीरथ आलं, २०१६ मध्ये सुरू झालं, शुद्ध केलेलं पृष्ठभागावरचं पाणी पाईपने थेट घराच्या नळाला. केंद्राच्या आकड्यांप्रमाणे २०१५ मध्ये तेलंगणात ९६७ फ्लोराईडबाधित वस्त्या होत्या, २०२० मध्ये शून्य. हे मोठं काम आहे, आणि ज्यांनी केलं त्यांचं मनापासून कौतुक करायला हवं.

फक्त शून्याचा अर्थ नीट घ्यायला हवा. शून्य म्हणजे त्या वस्तीला आता नळाने चांगलं पाणी पोचतं. दगड तोच आहे, बोअर तेच आहेत. घरी भगीरथाचं पाणी आणि रानात दिवसभर शेतातल्या बोअरचं, तर मजुराच्या पोटात जास्त कुठलं जातं तुम्हीच बघा. पाईप फुटला, चार दिवस पाणी आलं नाही की जुना हातपंप परत सुरू. आणि ज्यांची हाडं आधीच वाकली ती सरळ होत नाहीत. सुरुवातीची दुखणी, पोटाचा त्रास, थकवा हे पाणी बदलल्यावर काही आठवड्यांत कमी होऊ शकतं, दूध, कॅल्शियम, क जीवनसत्त्व यांनी मदत होते, पण गोठलेला कणा सुटत नाही आणि त्या माणसांना पेन्शन, उपचार, उठायला-बसायला आधार लागणार तो आयुष्यभर. पाणी आलं म्हणून त्यांची फाईल बंद करणं हा अन्याय आहे.

आपल्याकडे चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडच्या किनवटकडच्या भागात हा त्रास आहे, तिथल्या लोकांना हे नवीन नाही. तुमच्या गावाला नवा बोअर पडत असेल तर मोटर बसवायच्या आधी फ्लोराईड तपासून घ्या, पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा. ग्रामपंचायतीत जे फील्ड टेस्ट किट असतं त्यात रसायनाचा गुलाबी रंग फ्लोराईड वाढेल तसा पिवळ्याकडे जातो, बघायला दोन मिनिटं लागतात, शंका आली तर नमुना लॅबला. पाणी उकळून फ्लोराईड जात नाही, उलट पाणी आटतं आणि ते वाढतं, कँडलच्या फिल्टरनेही जात नाही. गावात एखादा बोअर चांगला निघाला तर तो फक्त प्यायला-स्वयंपाकाला राखून ठेवा आणि वाईट पंपाला लाल रंग द्या, धुण्या-भांड्याला तो चालतो. पावसाचं पाणी साठवता आलं तर त्याच्याइतकं स्वस्त आणि निर्धोक काही नाही.

आणि नलगोंड्याचं खरं उत्तर आत्ता कुठं दिसायला लागलंय. २०१७-१८ च्या आसपास जन्मलेल्या तिथल्या मुलांचे पुढचे पक्के दात या दोन-तीन वर्षांत आलेत, अजून येतायत. त्या दातांचं कवच नळाचं पाणी आल्यानंतर तयार झालेलं आहे, त्यामुळे घरात खरंच कुठलं पाणी प्यायलं गेलं हे तिथं लिहिलेलं असणार. शाळेच्या व्हरांड्यात आठ वर्षांच्या पोराला उजेडाकडे तोंड करून उभं करायचं, आ कर म्हणायचं, आणि वरचे मधले दोन दात बघायचे, आडवा पट्टा आहे की नाही. मग त्याच्या बाजूला त्याच्या मोठ्या भावाला उभं करायचं.